पानामागचे पान

टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीने जुळवलेल्या पानावर दोन शब्दांमध्ये जी जागा दिसते, तिथे एरवी काहीच नसते. मोकळ्या जागेचे अक्षर फाइलमध्ये उतरतच नाही. पुढचा शब्द किती अंतरावर सुरू करायचा, एवढेच नोंदलेले असते. कागदासाठी ते पुरेसे होते, आणि टेक जन्माला आले ते कागदासाठीच. स्टॅनफर्डचे डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७ साली आपल्या ‘द आर्ट ऑफ कंप्युटर प्रोग्रॅमिंग’च्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहिली. खिळ्यांच्या जागी फोटो-जुळणी आली होती आणि पानाची रया गेली होती. त्यांनी स्वतःच जुळणीची प्रणाली लिहायला घेतली. तिचे सर्वांत लहान माप म्हणजे एका पॉइंटचा ६५,५३६वा भाग. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी याहून कितीतरी मोठी. पान कसे दिसावे याचा इतका बारीक विचार क्वचितच कुणी केला असेल.

दिसण्याचा झाला, टिकण्याचा नाही. टेकमधून मुळात निघणाऱ्या फाइलमध्ये अक्षरांच्या जागा असत, अक्षरांच्या आकृत्या नसत. फाँट त्या-त्या संगणकावर असावे लागत. हान थे थान्ह या व्हिएतनामी संशोधकाने चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो इथे पीडीएफटेक घडवले आणि टेकमधून थेट पीडीएफ निघू लागली. पण पीडीएफही बाहेरच्या फाँटवर विसंबू शकते, कुलूपबंद असू शकते, आत चालता प्रोग्रॅम बाळगू शकते. पन्नास वर्षांनी ती उघडणाऱ्याला यातले काय हाती लागेल?

म्हणून २००५ साली आयएसओ १९००५ हे मानक आले: पीडीएफ/ए. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाने शिदोरी बरोबर घ्यावी, तशी या फाइलने आपली सगळी सामग्री बरोबर घ्यायची. फाँट आत, तोही जोडण्याची कायदेशीर मुभा असलेला. रंगांचा अर्थ सांगणारा आलेख आत. शीर्षक, लेखक, विषय ही माहिती ठरलेल्या साच्यात आत. कुलूप नाही, ध्वनी-चित्रफीत नाही. २०१२च्या तिसऱ्या भागाने तर कोणतीही फाइल सोबत बांधायची मुभा दिली. म्हणजे ग्रंथाबरोबर त्याची मूळ टेक-संहिताही जपता येते. मला हा भाग विशेष मोलाचा वाटतो.

टेकमधून हे साधायला ‘पीडीएफएक्स’ नावाचा संच आहे. तो थान्ह आणि तिरुवनंतपुरमचे सी. व्ही. राधाकृष्णन यांनी सुरू केला; पुढे ऑस्ट्रेलियातल्या रॉस मूर यांनी वाढवला. ग्रंथाची माहिती एका छोट्या वेगळ्या फाइलीत लिहायची, बाकीचे संच पाहतो. २०२२पासून टेकवर उभारलेल्या लाटेक या प्रणालीच्या गाभ्यातच यासाठी आरंभीची एक आज्ञा आली आहे.

इथवर रोमन लिपीचे लोक निश्चिंत होऊ शकतात. आपले खरे काम इथून सुरू होते.

‘क्षितिज’ हा शब्द घ्या. युनिकोड या अक्षर-संकेतावलीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते, पानावर मात्र आधी रेखाटली जाते. पीडीएफ रेखाटनाच्या क्रमाने चालते. प्रत्येक आकृतीला तिचे युनिकोड जोडून दिले तरी क्रम उलटाच राहतो, आणि नक्कल करून चिकटवले की ‘िक्षितज’ हाती येते: एक वेलांटी निराधार, दुसरी भलत्याच अक्षराला लागलेली. ‘कीर्ती’तला रफारही असाच जागा सोडतो. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत तर देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या घरांत बसवलेल्या असत. तिथे पान सुबक दिसते आणि आतला मजकूर निरर्थक रोमन चिन्हांचा निघतो. असे कितीतरी मराठी ग्रंथ डोळ्यांना वाचता येतात, पण शोधता येत नाहीत, आणि दृष्टिहीन वाचकाला ऐकताही येत नाहीत. ही हानी मला छपाईतल्या कोणत्याही चुकीपेक्षा मोठी वाटते.

उपाय आहे. रेखाटलेल्या अक्षरगटामागे मूळ मजकूर जसाच्या तसा जोडण्याची सोय पीडीएफमध्ये आहे. जोनाथन क्यू यांच्या झीटेक या टेकच्या विस्तारात एका ओळीची आज्ञा दिली की तो मजकूर शब्दागणिक लिहिला जातो. आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ हा मुक्त परवान्याचा फाँट घेतला, तर फाँट जोडण्याच्या हक्काचाही प्रश्न उरत नाही.

तपासणीसाठी व्हेरापीडीएफ हे मुक्त साधन आहे. नियम कुठे मोडला, ते नेमके सांगते. मात्र मजकुराबाबत, आकृतीला युनिकोड जोडला आहे का, फार तर एवढेच ते पाहते. जोडलेला युनिकोड बरोबर आहे का, हे त्याला कळत नाही. त्यामुळे दाखला मिळालेल्या फाइलीतूनही ‘िक्षितज’ बाहेर पडू शकते. प्रबंध, शब्दकोश, ताम्रपटांची वाचने संग्रहात देणाऱ्या प्रत्येकाने त्या दाखल्यानंतर आणखी एक परीक्षा घ्यावी: वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे भरपूर असलेला एक परिच्छेद निवडून साध्या मजकूर-फाइलीत चिकटवावा आणि मूळ संहितेशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावा.