आई-बाबांचा आनेकल मुक्काम

नोव्हेंबर महिना उजाडला की बँकेच्या प्रत्येक शाखेत निवृत्तिवेतनधारकांची लगबग सुरू होते. हयातीचा दाखला द्यावयाचा असतो, पासबुक भरून घ्यावयाचे असते आणि ओळखीच्या अधिकाऱ्याशी दोन शब्द बोलावयाचे असतात. या गप्पांमध्ये एक वाक्य अलीकडे वारंवार कानी पडते : ‘दाखला झाला की मुलांकडे बेंगळूरला जाणार.’ एके काळी हे वाक्य पुण्या-मुंबईविषयी असे. नोकऱ्यांनी दिशा बदलली, तशी आई-वडिलांच्या प्रवासाचीही दिशा बदलली.

वाचकहो, अशा प्रवासाचा एक भाग स्थलदर्शनाचा असतो आणि दुसरा नातवंडांच्या कौतुकाचा. तिसऱ्या भागाविषयी मात्र कोणी मोकळेपणाने बोलत नाही. गावाकडचे घर विकून आता इकडेच राहावयास यावे काय, हा तो भाग. माझ्या आई-वडिलांनी २०२५ च्या नोव्हेंबरपासून दहा आठवडे आमच्याकडे मुक्काम केला, तेव्हा हा प्रश्न आमच्या घरात पहिल्या दिवसापासून पाहुण्यासारखा बसून होता.

बदलीच्या निमित्ताने मी बेंगळूरला आले. यजमानांचे कार्यालय इलेक्ट्रॉनिक सिटीत असल्याने आम्ही बिऱ्हाड आनेकलला केले. बाबा पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. धोम धरणाच्या कालव्यावर त्यांची उमेदीची वर्षे गेली. साताऱ्यात त्यांनी बांधलेले तीन खोल्यांचे घर आहे. आमच्या शेजारी एका नव्या गृहसंकुलात दोन खोल्यांची सदनिका विक्रीस होती. साताऱ्याचे घर विकून ती घ्यावी, म्हणजे दुखल्या-खुपल्याला आपण जवळ असू, असा यजमानांचा प्रस्ताव होता. बाबांनी तो फोनवर ऐकून घेतला आणि ‘जावईबापू, आधी गाव तर पाहू द्या’ एवढेच म्हणाले. लेकीच्या घरी फार दिवस राहू नये ही त्यांच्या पिढीची समजूत. ती बोलून दाखवली जात नाही, पण परतीचे तिकीट काढूनच प्रवासाला निघतात!

आनेकल हे बेंगळूरच्या दक्षिणेस सुमारे पस्तीस किलोमीटरवरील तालुक्याचे गाव. तमिळनाडूतील होसूर येथून जवळ. कन्नडमध्ये ‘आने’ म्हणजे हत्ती आणि ‘कल्लु’ म्हणजे दगड. पण ‘आनेकल्लु’ या जोडशब्दाचा अर्थ आकाशातून पडणारी गार. १६०४ च्या सुमारास सुगटूरच्या पाळेगार घराण्यातील तिम्मेगौडाने येथे किल्ला आणि तलाव बांधला, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. किल्ला आणि तलाव यांचा उल्लेख एका दमात यावा, याचे बाबांना विशेष वाटले. ‘आपल्याकडे गड आधी आणि टाके मागाहून आठवते,’ ते म्हणाले.

पुढले पंधरा दिवस ते तलावच पाहत होते. बेंगळूर परिसरात बारमाही मोठी नदी नाही. म्हणून पूर्वीच्या राज्यकर्त्यांनी चढ-उताराचा अंदाज घेऊन तलावांच्या साखळ्या उभारल्या. वरचा तलाव भरला की त्याच्या सांडव्याचे पाणी ओढ्याने खालच्या तलावात जाई आणि तेथून त्याच्याही खालच्या. या ओढ्यांना ‘राजकालुवे’ म्हणतात. तलावाच्या सांडव्याला ‘कोडि’, पाणी सोडण्याच्या मोरीला ‘तूबु’ आणि कोणाच्या शेताला किती वेळ पाणी द्यावयाचे हे ठरविणाऱ्या गावकामगाराला ‘नीरगंटी’. बाबांना कन्नड येत नाही. पण एका वृद्ध शेतकऱ्याशी त्यांचे भरावावर बसून तासभर बोलणे चालले होते. हाताने मोरी उघडण्याची खूण, बोटांनी पाळीचे दिवस. घरी आल्यावर म्हणाले, ‘नीरगंटी म्हणजे आपला पाटकरी. भांडणेही तीच!’

येथेच त्यांनी एक गोष्ट हेरली. नव्या वसाहतींच्या भिंती काही ठिकाणी थेट ओढ्याच्या काठाला टेकलेल्या आहेत. वरच्या तलावाची वाट अडली की खालचा कोरडा राहतो आणि अतिवृष्टीत तेच पाणी घरांत शिरते. बेंगळूर शहराला कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून पंपांनी चढवून आणावे लागते. भोवतालच्या अनेक वसाहती मात्र कूपनलिका आणि टँकर यांवरच विसंबून आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात या शहराने पाण्याची जी टंचाई अनुभवली, तिची बातमी साताऱ्यापर्यंत पोहोचली होतीच. ‘गारांचे गाव, आणि पाणी टँकरचे,’ एवढे बोलून बाबांनी चहाचा कप खाली ठेवला.

मध्यंतरी त्यांचा हयातीचा दाखलाही झाला. केंद्र सरकारची ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल दाखल्याची सोय २०१४ पासून आहे आणि आता मोबाइलवर चेहरा ओळखूनही दाखला देता येतो. आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून पाच मिनिटांत काम उरकले. त्यासाठी साताऱ्यास धावण्याची आवश्यकता नव्हती. मी हे उत्साहाने सांगत असता बाबा म्हणाले, ‘सोय चांगली आहे. पण मी त्या निमित्ताने चार माणसांना भेटत असे.’ बँकेच्या काउंटरपलीकडे बसणाऱ्या आम्हां मंडळींनी हे वाक्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

डिसेंबरमध्ये आम्ही शहर पाहावयास निघालो. १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झालेल्या मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेमुळे बोम्मसंद्रहून आर. व्ही. रोडपर्यंत आणि तेथे गाडी बदलून हिरव्या मार्गिकेने मल्लेश्वरमपर्यंत सुखाने जाता येते. ज्येष्ठांनी मोटारीपेक्षा हाच मार्ग पत्करावा. मल्लेश्वरममध्ये आम्हांस जावयाचे होते ते काडु मल्लेश्वराच्या देवळात. ‘काडु’ म्हणजे रान; आता भोवती भरवस्ती आहे. या देवस्थानाला व्यंकोजीराजे भोसले यांनी एक गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख आहे. समोरच दक्षिणमुख नंदीतीर्थ. वर्षानुवर्षे मातीखाली गेलेले हे स्थान १९९७ मध्ये पुन्हा उजेडात आले. नंदीच्या मुखातून पडणारी पाण्याची धार खालच्या शिवलिंगावर पडते. आईने हात जोडले. बाबा पाणी येते कोठून ते शोधीत कुंडाभोवती दोनदा फिरले.

बेंगळूर आणि भोसले घराणे यांचा संबंध आपणांपैकी अनेकांना शाळेतील एका ओळीपुरताच ठाऊक असतो. १५३७ मध्ये केंपेगौडाने वसविलेले हे शहर १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने घेतले. त्या मोहिमेत शहाजीराजे होते आणि पुढे बेंगळूर त्यांच्या जहागिरीत आले. आयुष्याची अखेरची सुमारे पंचवीस वर्षे त्यांनी प्रामुख्याने कर्नाटकात काढली. त्यांच्या दरबारात विद्वान आणि कवी होते. जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या काव्यात त्या दरबाराचे चित्र येते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तो ग्रंथ संपादून मराठी वाचकांपुढे ठेवला. पुण्याची जहागीर मात्र शहाजीराजांनी सोडली नव्हती. तेथे जिजाऊसाहेब आणि बाल शिवाजीराजे होते.

पुढची हकीकत अधिक रंजक आहे. व्यंकोजीराजांनी तंजावरचे राज्य मिळविले आणि त्यांचे लक्ष तिकडे गेले. १६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीत शिवाजी महाराज आणि व्यंकोजीराजे या भावांची भेट झाली, बेबनाव झाला आणि अखेर तहही झाला. त्या तहात बेंगळूरचा प्रांत व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी म्हणून देण्यात आला. परंतु तंजावरहून इतक्या दूरचा मुलूख सांभाळणे अवघड, म्हणून व्यंकोजीराजांनी म्हैसूरच्या चिक्कदेवराय वोडेयरांशी तीन लाख रुपयांत सौदा ठरविला. तो पुरा होण्यापूर्वीच १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखानाने शहर घेतले आणि त्याच रकमेला ते म्हैसूरकरांच्या हाती दिले.

देवळाच्या पायरीवर बसून बाबा हे सांगत होते. आई इतका वेळ गप्प होती. एकाएकी म्हणाली, ‘म्हणजे बायकोच्या चोळीबांगडीचे गाव नवऱ्याने विकायला काढले! तिला विचारले तरी होते का?’ आम्ही सारे हसलो. परतीच्या गाडीत मात्र मला जाणवले की साताऱ्याच्या घराविषयी आम्ही तिघांनीही आईला अद्याप विचारलेच नव्हते.

आईचे आनेकल निराळे होते. ती आठवड्यातून दोनदा बाजारात जाई. डिसेंबर-जानेवारी हा येथे ‘अवरेकाई’चा, म्हणजे आपल्या पावट्याचा हंगाम. दाणे भिजवून, चिमटीत दाबून साल काढतात आणि त्याची आमटी करतात. आई डाळिंब्या सोलते त्याच रीतीने! नाचणीची आपण भाकरी करतो, येथे तिचे मुद्दे, म्हणजे उकडीचे गोळे, करतात. तुपाला येथे तुप्प म्हणतात. भाजीवालीला आई ‘अक्का’ म्हणे आणि ती आईला. अशीच एक दिवस रेशमाच्या मागाचे काम करणारी, अंगणात रांगोळी घालीत असलेली एक वृद्धा भेटली. ती जे बोलली ते आईला पूर्ण उमगेना, परंतु परकेही वाटेना. तिच्या घरात मराठी बोलतात. पण तिच्या मराठीला आता कन्नड आणि तमिळ हेल आहेत. गाव कोणते, असे विचारता ती म्हणाली, ‘हेच.’

अशी घरे या परिसरात आणि सीमेपलीकडे कृष्णगिरी जिल्ह्यात बरीच आहेत. बेंगळूरमध्ये जन्मलेले आणि येथेच बसवाहक म्हणून नोकरी केलेले शिवाजीराव गायकवाड, म्हणजे सुप्रसिद्ध अभिनेते रजनीकांत, यांच्या घराण्याचे नाचिकुप्पम हे गाव त्याच कृष्णगिरी जिल्ह्यातले. सत्ता गेली, सरदार तंजावरला गेले. साधी माणसे राहिली आणि येथलीच झाली. आईला हा इतिहास पुष्कळ अधिक पटला.

जानेवारीच्या आरंभी आम्ही ती सदनिका पाहावयास गेलो. विक्रेत्यांच्या प्रतिनिधीने पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा आणि ज्येष्ठांसाठी बाकडी दाखविली. बाबांनी तीन प्रश्न विचारले. कूपनलिका किती, किती खोल आणि एप्रिल महिन्यात दिवसाला किती टँकर येतात? पहिल्याचे उत्तर मिळाले. उरलेल्या दोहोंसाठी त्या तरुणाने ‘ऑफिसला विचारून सांगतो’ असे म्हटले. तो फोन अद्याप आलेला नाही.

बँकेची अधिकारी म्हणून मी नेहमी कागदपत्रे, मूल्यांकन आणि परतफेडीची क्षमता पाहते. राहते घर विकताना भांडवली नफ्यावरील कर, नव्या घरात गुंतवणूक करण्याची मुदत आणि तोवर रक्कम ठेवण्याचे विशेष खाते, हे सारे मी बाबांना कागदावर मांडून दिले होते. ते हिशेब बरोबर होते आणि ज्या कुटुंबांना हा निर्णय घ्यावयाचा आहे त्यांनी ते आधी अवश्य मांडावेत. परंतु माझ्या मते त्याआधी आणखी एक गोष्ट करावी : नव्या गावी भाड्याच्या घरात एक संपूर्ण वर्ष, उन्हाळ्यासह, राहून पाहावे. गावाकडचे घर त्या काळात भाड्याने द्यावयाचे असेल तर लीव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच असावा. आणि ठेवींवरील नामनिर्देशन तपासून घ्यावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यासाठी चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. आईने त्याच आठवड्यात आम्हां दोघी बहिणींची नावे घालून घेतली.

परतीचा प्रवास आम्ही दोन टप्प्यांत केला. दावणगेरे जिल्ह्यातील चन्नगिरी तालुक्यात होदिगेरे येथे शहाजीराजांची समाधी आहे. २३ जानेवारी १६६४ रोजी शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला, तो या परिसरात. बेंगळूरहून मोटारीने हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. भल्या सकाळी निघालो तर दुपारी पोहोचतो. समाधी साधी आहे. भव्य काही पाहावयास मिळेल या अपेक्षेने जाऊ नये. भोवतालच्या शांततेत आईने आनेकलहून आणलेली शेवंतीची फुले वाहिली. बाबा बराच वेळ उभे होते. मग यजमानांकडे वळून म्हणाले, ‘जावईबापू, यांनी बेंगळूर घेतले, पण पुणे विकले नाही.’

यजमानांनी आईकडे पाहिले. ‘आणि तुमचे काय मत, आई?’

‘मला पावट्याच्या हंगामाला इकडे यायला आवडेल,’ आई म्हणाली. ‘आणि उन्हाळ्यात माझ्या घरी राहायला. माझ्या तुळशीला रोज नळाचे पाणी लागते.’

दावणगेरे स्थानकावर रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेस येते; ती मिरजेपर्यंत नेते आणि पुढे सातारा तीन-चार तासांवर. ज्येष्ठांची रेल्वेभाड्यातील सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, याविषयी बाबांनी फलाटावर अपेक्षित ते भाषण केले. गाडी लागली. सामान चढले. खिडकीशी बसल्यावर त्यांनी मला जवळ बोलावले आणि हळू आवाजात सांगितले, ‘त्या संकुलाबाहेर एप्रिलमध्ये सकाळी सहा वाजता एकदा जाऊन उभी राहा. टँकर मोज आणि मला कळव. मग पाहू.’