‘सेपरेटेड’ की ‘डिव्होर्स्ड’? फॉर्ममध्ये टिक करण्याआधी फरक समजून घ्या

पासपोर्टचा ऑनलाइन फॉर्म भरताना ‘मॅरिटल स्टेटस’चा ड्रॉपडाउन उघडला की ‘सेपरेटेड’ आणि ‘डिव्होर्स्ड’ असे दोन वेगळे पर्याय दिसतात. परवा माझी एक मैत्रीण तिथेच अडली आणि तिने फोन केला. नवऱ्यापासून वेगळं राहून तिला तीन वर्षं झाली. ‘सगळं संपलंच आहे, मग डिव्होर्स्ड टाकू ना?’

नाही. कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूमनामा झालेला नसेल, तर कायद्याने ती अजूनही विवाहित आहे.

नेमका फरक काय?

डिव्होर्स म्हणजे लग्न संपलं. सेपरेटेड म्हणजे नवरा-बायको वेगळे राहतात, पण लग्न कायम आहे. आपसात ठरवून वेगळं राहता येतं किंवा हिंदू विवाह कायदा, १९५५च्या कलम १० नुसार कोर्टाकडून तसा आदेश घेता येतो. त्याला ‘ज्युडिशियल सेपरेशन’ म्हणतात. या आदेशानंतर वर्षभर दोघं पुन्हा एकत्र आले नाहीत, तर कोणीही घटस्फोटासाठी अर्ज करू शकतो. मात्र अर्ज करावाच लागतो, घटस्फोट आपोआप होत नाही. (इतर धर्मीयांचे विवाह कायदे वेगळे आहेत.)

गोंधळ महागात कुठे पडतो?

सर्वात आधी दुसऱ्या लग्नात. सेपरेटेड असताना केलेलं दुसरं लग्न रद्दबातल ठरतं आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ नुसार ७ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. नोटरीसमोर स्टॅम्प पेपरवर लिहिलेली ‘सोडचिठ्ठी’ इथे कामाला येत नाही. अपवाद फक्त काही समाजांत सिद्ध झालेल्या रूढीचा.

दुसरा मुद्दा वारसाचा. हिंदू पुरुषाचं मृत्युपत्र न करता निधन झालं, तर वेगळी राहणारी पत्नीही मुलं आणि सासूबरोबर पहिल्या वर्गातली वारस असते. घटस्फोटित पत्नी नसते. मुलांचा हक्क मात्र दोन्हीकडे तसाच राहतो.

एकाच घरात राहून ‘वेगळे’?

परस्पर संमतीने घटस्फोट हवा असेल, तर अर्जाआधी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. पण मुंबई-पुण्याच्या भाड्यात दुसरं घर घेणं किती जणांना परवडतं? त्याची गरजही नाही. पती-पत्नी म्हणून संसार करत नसतील, तर एका छताखालीही ते ‘वेगळे’ असू शकतात, असं सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये म्हटलं आहे. अर्जानंतरची ६ महिन्यांची प्रतीक्षाही योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, हा २०१७चा निकाल.

आपल्याकडच्या सरकारी अर्जांत आणखी एक शब्द भेटतो, ‘परित्यक्ता’. म्हणजे पतीने टाकलेली स्त्री. लाडकी बहीण योजनेच्या पात्रतेत घटस्फोटित आणि परित्यक्ता असे दोन्ही उल्लेख आहेत, त्यामुळे तिथेही एकाच्या जागी दुसरा लिहू नका.

मैत्रिणीची केस अजून फॅमिली कोर्टात आहे. तिने ‘सेपरेटेड’ निवडलं.