झडप, गर्भारपण आणि निर्णय

माझ्या नावामागे 'डॉक्टर' आहे, पण तो तत्त्वज्ञानाचा. तेव्हा औषध मी सांगणार नाही. आजचा प्रश्न निर्णयाचा आहे, आणि निर्णय घ्यायचा तर आधी वस्तुस्थिती कळली पाहिजे.

गर्भारपणात बाईच्या अंगातलं रक्त साधारण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. हृदयाचं कामही वाढतं. आता समजा, महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपेला तीनऐवजी जन्मतः दोनच पाकळ्या आहेत. शंभरात एक-दोघांना हा दोष असतो. पुष्कळांना तो कळतही नाही. पण झडप फार अरुंद झाली असेल, तर दार लहान आणि गर्दी मोठी, अशी गत होते. धाप लागते, चक्कर येते, छातीत दुखतं. झडप गळकी असेल तर गर्भारपण बहुधा सोसतं. कारण त्या काळात रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त पुढे जाणं सोपं होतं.

म्हणून तपासणी दिवस जाण्याआधीच करायची. इको करून झडप आणि महाधमनी दोन्ही पाहायच्या.

झडप बदलावी लागली, तर खरा पेच पुढे आहे. यांत्रिक झडप टिकते खूप, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर लागते. त्यातली वॉरफरिन वार ओलांडून बाळापर्यंत जाते. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात व्यंगाचा धोका असतो. हेपॅरिनचं इंजेक्शन बाळापर्यंत पोचत नाही, पण आईच्या झडपेवर गुठळी होण्याची भीती वाढते. जैविक झडपेला ती गोळी सहसा कायमची लागत नाही. मात्र तरुण वयात ती लवकर झिजते, म्हणजे पुन्हा ऑपरेशन.

बघा, एकाचा धोका कमी केला की दुसऱ्याचा वाढतो. धोका किती, ते डॉक्टर सांगतील. तो पत्करायचा की नाही, हे शास्त्र सांगत नाही. मग ठरवायचं कुणी? आपल्याकडे नवरा बोलतो, सासू बोलते, माहेरचे बोलतात. लग्न जमवताना तर छातीवरचा व्रणच लपवला जातो! आणि जिच्या छातीत ती झडप आहे, तिला कुणी नीट समजावूनच सांगत नाही. न समजता दिलेल्या होकाराला होकार कसं म्हणायचं?

तेव्हा घरात अशी मुलगी असेल, तर हृदयरोगतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ यांना एकत्र विचारा. दिवस राहिल्याचं कळताच त्यांना गाठा. गोळी आपल्या मनानं बंद करू नका. बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवसही जोखमीचे असतात, तेव्हाही लक्ष ठेवा. आणि डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत आधी तिला बसवा.