‘नुसतं बीएस्सी’ म्हणण्यापूर्वी

नीटचा निकाल लागला की आमच्या दारव्ह्यातील दवाखान्यात एक निराळेच दुखणे ऐकू येते. गेल्या वर्षी मधुमेहाचे एक जुने रुग्ण नातीला सोबत घेऊन आले. मी रक्तदाब मोजत असता म्हणाले, “डॉक्टरसाहेब, हिचा डॉक्टरीला नंबर नाही लागला. आता नुसतं बीएस्सी करून राह्यली.” मुलगी खाली मान घालून उभी होती.

‘नुसतं’ हा शब्द माझ्याही परिचयाचा आहे. माझ्या पाटीवर एमबीबीएसपुढे काही नाही, हे वाचून परत फिरणारे थोडे नाहीत.

आजोबांचा एचबीए१सीचा आकडा ९ च्या वर होता. “तपासणीच्या आधी दोन दिवस गोड सोडलं होतं जी,” ते तक्रारीच्या सुरात म्हणाले. तेव्हा ती मुलगी प्रथमच बोलली. “आबा, रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. साखर तिच्या हिमोग्लोबिनला चिकटून बसते. तो आकडा दोन-तीन महिन्यांचा हिशेब असतो. दोन दिवसांच्या पथ्यानं तो कसा उतरंल?” हेच मी त्यांना कितीदा तरी सांगितले होते. पटले मात्र त्या दिवशी.

(ज्यांना सिकलसेलचा आजार आहे, त्यांच्या तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात, त्यामुळे हा आकडा फसवा ठरू शकतो. आपल्या विदर्भात हा आजार बराच आढळतो, म्हणून घरात कोणाला असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे.)

आपली नात किंवा नातू महाविद्यालयात प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र घेतो, तेव्हा हेच शिकत असतो: पेशी, आनुवंशिकता, जंतू, शरीराची क्रिया. सर्दी बहुधा विषाणूंमुळे होते आणि प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत, हे त्याला ठाऊक असते. डब्यात उरलेल्या जुन्या गोळ्या आपण सर्दीसाठी काढता, तेव्हा त्याने टोकले तर रागावू नका.

पुढच्या वाटाही बंद नाहीत. एमएस्सी आहे, बीएड करून शिक्षकी पेशा आहे, प्रयोगशाळा आहेत, वनसेवेच्या परीक्षा आहेत. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून जीवशास्त्राचीच पदवी घेतली होती. पुढे ते हार्वर्डला गेले आणि २०११ मध्ये पश्चिम घाटावरचा अहवाल त्यांच्याच अध्यक्षतेखाली तयार झाला. प्रत्येकजण गाडगीळ होत नाही, हे खरे. पण प्रत्येक एमबीबीएसही मोठा शल्यविशारद होत नाही. आणि खरे सांगायचे तर नोकरीची वाट या पदवीनंतर लांबची आहे, तेव्हा मुलांना वर्ष-दोन वर्षे अधिक द्यावी लागतील.

मला चिंता वाटते ती खाली घातलेल्या मानेची. हुकलेल्या परीक्षेची आठवण घरात रोज निघाली, तर मूल अभ्यासाला आणि आपल्यालाही टाळू लागते. त्याऐवजी संध्याकाळी त्याला जवळ बसवून विचारा, आज सूक्ष्मदर्शकाखाली काय पाहिले? साखरेच्या नोंदींची वही त्याच्याकडे सोपवा.

मात्र गोळी वाढवायची की बंद करायची, हे त्याला विचारू नका. त्यासाठी डॉक्टरांकडे जा, आणि जाताना ती वही व तिचा लेखक, दोघांनाही सोबत न्या.