घर, पाणी आणि एसटी : वस्तीचा हक्क कसा मिळवायचा?

देवगाव फाटा (ता. सेलू) : निम्न दुधना धरण आपल्याच तालुक्यात आहे. तरीही उन्हाळ्यात हंडा घेऊन फिरणाऱ्या वस्त्या मराठवाड्यात आजही आहेत. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की गावकुसाबाहेरची वस्ती बेटासारखी तुटते. पेशंटला बाजेवर घालून फाट्यापर्यंत आणावे लागते. हे बदलायचे असेल तर तरुणांनी योजनांचे नियम तोंडपाठ केले पाहिजेत.

घर : रमाई आवास योजना २००८ पासून अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी सुरू आहे. घरकुलाचे क्षेत्र २६९ चौरस फूट असते. खरी अडचण जागेची असते. अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या गायरानावर राहतात, पण नमुना आठवर नाव नसते. नाव नसले की प्रस्ताव अडतो. म्हणून आधी ग्रामपंचायतीकडे नोंदीसाठी लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजनेतून जागा घेण्यासाठी मदत मिळते. पक्के घर नसलेल्यांची यादी वस्तीतच तयार करा.

पाणी : जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाली. त्यानुसार दरडोई दररोज ५५ लिटर पाणी घरातल्या नळाला यायला हवे. नळ बसला म्हणजे पाणी आले असे नाही. पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला आपली वस्ती असते आणि दाब तिथेच संपतो. गावच्या पाणी समितीत निम्म्या महिला असणे अपेक्षित आहे. त्यात आपल्या वस्तीतल्या किती माताभगिनी आहेत, हे विचारा. आठवडाभर पाणी किती वाजता आणि किती हंडे आले, हे वहीत लिहा. ती वही ग्रामसभेत ठेवा.

रस्ता व एसटी : वस्तीतले रस्ते, नाल्या, दिवे यांसाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकास योजना आहे. शिवाय ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. तो पैसा कुठे गेला, हे माहिती अधिकारात विचारता येते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, पण बस फाट्यावरूनच निघून गेली तर त्या सवलतीचा उपयोग काय? थांबा आणि फेरीसाठी ग्रामसभेचा ठराव घेऊन तो आगारप्रमुखांना द्या.

बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तो लढा माणूस म्हणून जगण्याच्या हक्काचा होता. आज तो हक्क ठरावाच्या वहीत आणि मंजूर यादीत अडकला आहे. येत्या ग्रामसभेला दहा तरुण आणि दहा महिला कागद घेऊन हजर राहिल्या, तरी सुरुवात होईल. जयंतीला जेवढे एकत्र येतो, तेवढेच ग्रामसभेलाही येऊया.

जय भीम!