एक घर, दोन आठवणी

गेल्या जानेवारीत भाईंदरजवळच्या उत्तनला एका लग्नाला गेलो होतो. बँडातले ट्राँबोन ऐकून लेक म्हणाली, "बाबा, किती आनंदी वाजते हो हे!" मला मात्र अमेरिकेतले एक घर आठवले, पाहिलेले नव्हे, वाचलेले.

लुइझियानातल्या लाप्लास गावी उसाच्या मळ्यावरचा हा जुना वाडा. मळ्यात राबत ते आफ्रिकी गुलाम. ८ जानेवारी १८११ च्या रात्री त्यांनी इथूनच बंड पुकारले. शेकडो जण न्यू ऑर्लिन्सकडे निघाले. काही दिवसांतच बंड चिरडले गेले. धाक बसावा म्हणून बंडवाल्यांची मुंडकी नदीकाठी खांबांवर लावली गेली.

त्याच मळ्यावर १८८६ च्या नाताळात जाझचा नामांकित ट्राँबोनवादक किड ओरी जन्मला. तरुण लुई आर्मस्ट्राँग त्याच्याच बँडात वाजवी. २०२१ साली त्या घरात या दोन्ही कथा सांगणारे संग्रहालय उघडले. पुढे २०२४ मध्ये गुलामांच्या वंशजांच्या संस्थेने ते घरच विकत घेतले.

परतताना लेकीला हे सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मग आपल्या घोडबंदरच्या किल्ल्याचे दगड कोणी वाहिले हो, बाबा?"

मी आजवर तिला किल्ला कोणी जिंकला, एवढेच सांगत आलो होतो.