धूर आधी जिन्याने वर येतो
खाली दुकान, वर घर असणाऱ्यांनी स्मोक अलार्म कोठे बसवावा?

३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात कपडे शिवण्याच्या एका दुकानाला आग लागली. दुकान खाली होते, राहती जागा वर. एकाच कुटुंबातील ७ जण मरण पावले. पोलिसांच्या प्राथमिक माहितीनुसार आग त्यांच्या मजल्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. ते धुराने गुदमरले.

पुढच्या वर्षी १८ मे २०२५ रोजी, एकाच दिवशी दोन बातम्या आल्या. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याच्या आगीत ८ जण गेले. मालकाचे कुटुंब त्याच आवारात राहत होते. हैदराबादला चारमिनारजवळ गुलजार हौज येथे खाली दागिन्यांची दुकाने आणि वर घर असलेल्या इमारतीत १७ जण गेले. त्यांत लहान मुलेही होती.

धंदे निरनिराळे, गावे निरनिराळी. पण राहण्याची रीत एकच. माल आणि माणसे एका छताखाली. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील आपल्यापैकी किती जणांची घरे अशीच आहेत, हे वाचकांना सांगायला नको. माझेही तसेच आहे. खाली कापडाचे दुकान, मागे गोदाम, वर आम्ही.

माझी चूक

संभाजीनगरची बातमी वाचून मी एक स्मोक अलार्म आणला आणि दुकानात गल्ल्याच्या वर बसवला. हिशेब सरळ होता. माल तेथे, विजेचा बोर्ड तेथे, म्हणजे धोकाही तेथेच. आपण शहाणपणाचे काम केले, असे मला वाटले.

त्याच पावसाळ्यात एका रात्री बोर्डाची वायर जळाली आणि खाली ठेवलेला कटपीसचा गठ्ठा धुमसू लागला. अलार्म वाजला. त्याने आपले काम चोख केले. पण शटर बंद, जिन्याचा दरवाजा बंद, वर पत्र्यावर पावसाचा आवाज. आम्हा सहा जणांपैकी कोणालाही तो ऐकू आला नाही. शेजारचे हाजी साहेब फजरच्या नमाजला निघाले होते. शटरच्या आतून बारीक आवाज येतो म्हणून त्यांनी आमचे दार वाजवले. नुकसान दोन गठ्ठ्यांचे झाले. हाजी साहेब त्या दिवशी अर्धा तास उशिरा उठले असते तर काय झाले असते, याचा विचार आजही झोप उडवतो.

मी अलार्म मालासाठी बसवला होता. झोपलेल्या माणसांचा हिशेब त्यात धरलाच नव्हता.

जागा ठरवताना काय पाहावे?

धूर गरम असतो, म्हणून वर चढतो. खालच्या धुराला वर जायला सर्वांत सोपी वाट म्हणजे जिना. आगीच्या वेळी जिना धुराड्याचे काम करतो, आणि आपली बाहेर पडण्याची वाटही बहुधा तीच असते. झोपेत माणसाला धुराचा वास येऊन जाग येईल, हा भरवसा खोटा आहे. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. तो माणसाला झोपेतच बेशुद्ध करतो. कापूस ज्वाळा न दाखवता तासन् तास धुमसतो. अ‍ॅक्रिलिक, नायलॉन आणि फोम जळाले की त्याहून विषारी धूर निघतो.

म्हणून प्रत्येक जागेबाबत दोन प्रश्न विचारावेत. धूर येथे लवकर पोहोचेल काय? आणि येथे वाजलेला अलार्म झोपलेल्या माणसाला ऐकू जाईल काय?

कोठे बसवावा?

१) जिना वर जेथे संपतो तेथे, छताला. एकच अलार्म घेण्याची ऐपत असेल तर तो येथे लावावा. खालचा धूर येथे प्रथम येतो आणि झोपण्याच्या खोल्याही जवळ असतात.

२) झोपण्याच्या प्रत्येक खोलीत, आणि खोल्यांच्या बाहेरील बोळात. दार लावून झोपण्याची सवय असेल तर खोलीतला अलार्म आवश्यकच समजावा.

३) प्रत्येक मजल्यावर निदान एक. दुकान, गोदाम आणि तळघरही यात आले. पोटमाळ्यावर कारागीर झोपत असतील तर तेथेही हवा. तो आपल्या भरवशावर झोपलेला असतो.

४) दुकानातला अलार्म वरच्या अलार्मशी जोडलेला असावा. एक वाजला की सर्व वाजतात, असे बिनतारी अलार्म मिळतात. आमच्यासारख्या घरांना तेच उपयोगी. माझ्या घरी आता तसे तीन आहेत: दुकानात, जिन्यावर आणि अम्मीच्या खोलीबाहेर.

कोठे बसवू नये?

स्वयंपाकघरात नको, चुलीपासून किमान ३ मीटर दूर ठेवावा. नाहीतर रोजच्या फोडणीला तो वाजतो आणि घरातले कोणीतरी वैतागून बॅटरी काढून ठेवते. बॅटरी काढलेला अलार्म नसल्यापेक्षा वाईट, कारण आपण त्याच्या भरवशावर गाफील राहतो. न्हाणीघराच्या दारापासून आणि पंख्याच्या पात्यापासून निदान ९० सेंटिमीटर अंतर असावे. एसीच्या झोतात किंवा खिडकीच्या तोंडाशीही नको; वारा धूर दूर ढकलतो.

अलार्म छतालाच असावा. भिंतीवर लावणे भाग पडले तर छतापासून १० ते ३० सेंटिमीटर खाली. उतरत्या छपराच्या खोलीत आढ्याजवळ, पण अगदी टोकाचे १० सेंटिमीटर सोडून. गोदामात तागे आणि गठ्ठे छताला भिडवून रचू नयेत. धूर अडला तर अलार्मला कळणार कसे?

यंत्रमाग असलेल्या जागेत मात्र वेगळा विचार करावा. उडणारी पिंज अलार्मच्या आत शिरते, तो उगाच वाजतो आणि पुढे निकामी होतो. तेथे धुराऐवजी उष्णता ओळखणारा डिटेक्टर घ्यावा, आणि स्मोक अलार्म कारखान्यातून घराकडे जाणाऱ्या दरवाजाच्या घराकडील बाजूस बसवावा. पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यात फार तापते. अनेक घरगुती अलार्म सुमारे ३८ अंशांपर्यंतच्या जागेसाठीच बनवलेले असतात. खोक्यावर लिहिलेली मर्यादा वाचूनच घ्यावा.

खरेदी आणि देखभाल

कापडाच्या धंद्यात धुमसणारी आग अधिक, म्हणून फोटोइलेक्ट्रिक प्रकारचा अलार्म मागावा. घरगुती अलार्मवर ईएन १४६०४ किंवा यूएल २१७ हा मानकाचा उल्लेख असतो, तो पाहावा. मोठे गोदाम किंवा कारखाना असेल तर पूर्ण यंत्रणा आयएस २१८९ प्रमाणे जाणकाराकडून बसवून घ्यावी. दर महिन्याला बटण दाबून तपासावे, आत धूळ साचू देऊ नये, बॅटरी वेळेवर बदलावी. दहा वर्षांनी बॅटरीच नव्हे, अलार्मच बदलावा.

बसवल्यानंतर एक परीक्षा जरूर घ्यावी. रात्री सर्व दारे नेहमीप्रमाणे लावा, पंखे चालू ठेवा आणि अंथरुणावर पडा. कोणाला तरी दुकानातील अलार्मचे बटण दाबायला सांगा. ऐकू आला नाही तर जागा चुकली. लहान मुले अलार्मनेही जागी होतीलच असे नाही. कोणी कोणाला उठवायचे आणि म्हाताऱ्या माणसांना कोणी धरायचे, हे आधीच ठरवून ठेवावे.

अलार्म फक्त काही मिनिटे मिळवून देतो. ती मिनिटे कुलपाची चावी शोधण्यात जाऊ नयेत. जिन्याच्या दरवाजाची चावी दाराजवळच टांगलेली असावी. जिना धुराने भरला तर गच्चीवर किंवा शेजारच्या घरात जाण्याची दुसरी वाट मोकळी असावी. बाहेर पडल्यावर १०१ किंवा ११२ वर फोन करावा. मालासाठी परत आत शिरू नये.

झोपण्यापूर्वी घरातील आग विझवावी, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. त्या काळी दिवा फुंकला की काम होत असे. आज विजेचे बोर्ड, मोबाईलचे चार्जर, गाडीची बॅटरी ही आग रात्रभर घरात जागी असते. दुकान वाढवताना म्हणा की शटरबरोबर मेन स्विचही बंद करावा. आणि जे बंद करता येत नाही, त्यावर पहारा ठेवावा.

व्यापारी बंधूंनो, आपण मालाचा विमा उतरवतो, त्याचे हप्ते चुकवत नाही. एका चांगल्या अलार्मची किंमत लग्नसराईतील एका दिवसाच्या विक्रीपुढे काहीच नाही. आज रात्री जिना चढताना वर एकदा नजर टाका. जिना जेथे संपतो तेथे छत रिकामे असेल, तर उद्या सकाळचे पहिले काम तेच समजा.